रिपॉझिटरी अडकणे (सबव्हर्जन)

सबव्हर्जन या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीची (फायलींतले बदल क्रमाने जपणाऱ्या सॉफ्टवेअरची) सामायिक रिपॉझिटरी, म्हणजे सर्वांच्या फायलींचे कोठार, तिच्या आतल्या डेटाबेसच्या लॉकमुळे (एकाच्या कामात दुसऱ्याने ढवळाढवळ करू नये म्हणून लावलेल्या कुलपामुळे) ठप्प होणे. हा दोष मुख्यतः बर्कले डीबी या डेटाबेसवर चालणाऱ्या जुन्या रिपॉझिटऱ्यांचा. 2004 च्या फेब्रुवारीत आलेल्या सबव्हर्जन 1.0 मध्ये साठवणीला दुसरा पर्यायच नव्हता.

बर्कले डीबी हा वेगळा सर्व्हर नसून प्रोग्रामला जोडलेली लायब्ररी आहे. त्यामुळे अपाची हा वेब-सर्व्हर असो, एसव्हीएनसर्व्ह हा सबव्हर्जनचा स्वतःचा सर्व्हर असो की एसएसएचवरून (सुरक्षित दूर-लॉगिनने) आलेला एखादा प्रोग्रामर, प्रत्येकाची प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) डेटाबेसच्या फायली थेट उघडते. नुसते वाचायचे असले तरी लॉकची नोंद करावी लागते, म्हणून वाचणाऱ्यालाही लिहिण्याची परवानगी हवी. एखादी प्रोसेस मध्येच मेली की तिचे लॉक तसेच राहतात आणि मागून येणारे त्यांची वाट पाहत बसतात. पुष्कळदा त्रुटीचा संदेशही येत नाही. नेटवर्क मंद आहे असे समजून लोक चहाला जातात.

दुसरे, आणि अधिक चिवट कारण परवानग्यांचे. एसएसएचवर जो तो आपापल्या लॉगिनने येतो. बर्कले डीबी अधूनमधून नवी लॉग-फाइल तयार करते. ती ज्याच्या प्रोसेसने केली त्याच्या मालकीची होते. त्याचा युमास्क (नव्या फायलींच्या कोणत्या परवानग्या काढायच्या ते ठरवणारा आकडा) 022 असेल तर गटातल्या इतरांना तीत लिहिता येत नाही. म्हणून सर्वांना एका गटात घालणे, डेटाबेसच्या डिरेक्टरीला सेटजीआयडी (नव्या फायली त्याच गटाच्या ठेवणारी खूण) लावणे आणि एसव्हीएनसर्व्हला युमास्क 002 देणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमागे ठेवणे, असा उपाय होता. अडकलेली रिपॉझिटरी ‘एसव्हीएनअ‍ॅडमिन रिकव्हर’ने सुटते, पण आधी सगळ्या प्रोसेस थांबवाव्या लागतात. हा आदेश घाईत रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवला तर काही फायली रूटच्या मालकीच्या होतात आणि अपाची पुन्हा बाहेर! एनएफएससारख्या नेटवर्क-डिस्कवर तर बर्कले डीबी ठेवूच नये.

खरी सुटका एफएसएफएसने केली. हा साठवण-प्रकार 1.1 मध्ये (2004) आला आणि 1.2 पासून (2005) मूलनिर्धारित झाला. त्यात प्रत्येक आवृत्तीची फाइल एकदा लिहिली की पुन्हा बदलत नाही. वाचणाऱ्याला लॉक लागत नाही, कमिट करणाऱ्यालाच (बदल रिपॉझिटरीत नोंदवणाऱ्यालाच) लागतो. बर्कले डीबीत आपोआप सावरण्याची सोय 1.4 मध्ये (2006) आली, पण तोवर उशीर झाला होता. 1.8 मध्ये (2013) तो प्रकार कालबाह्य ठरवण्यात आला.

‘लॉक’ या शब्दानेही गोंधळ वाढवला. 1.2 मधले फाइल राखून ठेवणारे लॉक आणि ‘क्लीनअप’ आदेशाने निघणारे वर्किंग कॉपीचे (वापरकर्त्याच्या संगणकावरच्या प्रतीचे) लॉक यांचा या अडकण्याशी संबंध नाही. 1.6 पासून (2009) एफएसएफएसमध्ये पुनरावृत्त मजकूर ओळखण्यासाठी एक छोटा एसक्यूलाइट डेटाबेस आला, आणि त्याच्यासोबत ‘डेटाबेस लॉक आहे’ हा संदेशही परतला. मात्र कमिट यशस्वी झाल्यावर त्यानंतरच्या कामात हा संदेश आला, तर आवृत्ती साठलेली असते; पुन्हा कमिट करण्याची गरज नसते.