खुलासा: समता आली की स्वातंत्र्य जातं का?

"पाची बोटं सारखी नसतात, सगळ्यांना सारखं करायला गेलात तर स्वातंत्र्य संपतं," हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. बोटांचं खरं आहे. माणसांची बुद्धी, आवड, कष्टाची तयारी एकसारखी होणार नाही. पण आपल्या राज्यघटनेने तशी मागणी मुळी केलेलीच नाही.

घटनेची मराठी प्रत काढून उद्देशिका वाचा. तिथे 'दर्जाची व संधीची समानता' आहे, आणि स्वातंत्र्यही त्याच वाक्यात आहे.

मग दोघांत ताण येतच नाही का? येतो. महाडचं चवदार तळं घ्या. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई इलाख्यात १९२३ सालीच झाला होता. तरी मार्च १९२७ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांनी त्या तळ्याचं पाणी ओंजळीने प्यायलं, तेव्हा त्यांना मारहाण झाली. पुढे तळं खाजगी असल्याचा दावा कोर्टात गेला. १९३७ साली उच्च न्यायालयात तो फेटाळला गेला. काहींची मोकळीक गेली, हे मान्य. पण ती दुसऱ्याला पाण्यापासून अडवण्याची मोकळीक होती! उरलेल्यांना मात्र स्वातंत्र्य मिळालं ते समतेमुळेच. अनुच्छेद १५ उघडलात तर विहिरी, तलाव, स्नानघाट, दुकानं यांचा स्पष्ट उल्लेख सापडेल.

राहिला पैशाचा प्रश्न. तिथेही अनुच्छेद ३८ सर्वांचं उत्पन्न एकसारखं करा असं म्हणत नाही. राज्याने उत्पन्नातली विषमता कमीत कमी करण्याचा प्रयत्न करावा, एवढंच सांगतो.