हाताला अजून जुनाच कोपरा आठवतो

सोसायटीच्या ऑफिसात देखभालीची बिलं काढायची आहेत. विंडोज १० जाऊन विंडोज ११ आलंय. हात सवयीने माउस खाली डावीकडे ढकलतो आणि स्टार्ट मेनूऐवजी हवामान-बातम्यांचा मोठा चौकोन स्क्रीनवर उघडतो. क्लिकही करावं लागत नाही, बाण तिथे नुसता रेंगाळला तरी पुरतं. तो बंद करून काम सुरू करावं, तर दहा मिनिटांनी हात पुन्हा तिथेच. "आता आपल्याला हे जमायचं नाही," असं मग चांगली कामसू माणसंही म्हणायला लागतात. त्यांनी असं मुळीच समजू नये. त्यांचा हात अगदी बरोबर चाललाय, बटणाची जागा बदलली आहे.

१९९५ च्या विंडोज ९५ पासून स्टार्ट बटण डाव्या खालच्या कोपऱ्यात होतं. २०१२ साली विंडोज ८ ने ते काढलं, तेव्हाही त्या कोपऱ्यात क्लिक केलं की स्टार्ट स्क्रीन उघडायची. म्हणजे पंचवीसेक वर्षांची सवय. ही आठवण मेंदूत वेगळ्या खात्यात जमा होते. हेन्री मोलायसन या रुग्णाला १९५३ च्या शस्त्रक्रियेनंतर नव्या घटना लक्षात राहत नव्हत्या. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. आदल्या दिवशी हे केल्याचं त्याला आठवत नसे, पण चुका मात्र दिवसागणिक कमी होत गेल्या. डोक्याला न कळता हात शिकला होता. म्हणूनच 'बटण आता मधे आहे' हे एकदा वाचून हाताला काही समजत नाही. त्याला शेकडो वेळा करूनच कळतं.

कोपऱ्याची जागा मुळात उत्तमही होती. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेला नियम असा: लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. स्क्रीनच्या कडेला बाण आपोआप अडतो, त्यामुळे कडेवरचं बटण हातासाठी भरपूर खोल होतं. कोपऱ्यात तर दोन्ही बाजूंनी अडतो, न बघता माउस फेकला तरी चालतो. (डावीकडे दुसरा मॉनिटर जोडला असेल तर मात्र बाण सटकून तिकडे जातो.) मधल्या मांडणीत आणखी एक खोट आहे. टास्कबारवर नवा प्रोग्रॅम उघडला की सगळी रांग मध्य साधण्यासाठी अर्ध्या चिन्हाएवढी डावीकडे सरकते. स्टार्टची जागा दिवसभर हलत राहते, आणि हलणारी जागा हाताला पाठ होत नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी हे करा. टास्कबारच्या मोकळ्या जागेवर उजवं क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, सगळ्यात खाली टास्कबार बिहेव्हिअर्स, आणि अलाइनमेंट 'सेंटर'चं 'लेफ्ट'. त्याच पानावर वर विजेट्स, म्हणजे तो हवामान-बातम्यांचा चौकोन, बंद करा. या दोन बदलांनी निम्मी चिडचिड जाते.

दुसरं दुखणं उजव्या क्लिकचं. कट, कॉपी, पेस्ट यांच्या मेनूतल्या ओळी जाऊन छोटी चिन्हं आली. मेनू वरच्या दिशेने उघडला तर ती खाली दिसतात, खालच्या दिशेने उघडला तर वर. बाकीचे पर्याय 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आड गेले. कार्ड, मोरान आणि न्यूवेल या संशोधकांनी १९८० साली अशा कृतींना सरासरी वेळा दिल्या: मनाची तयारी १.३५ सेकंद, माउसने नेम धरणं १.१ सेकंद, क्लिक ०.२ सेकंद. म्हणजे एक जादा पायरी सुमारे २.६५ सेकंदांची. दिवसात २०० वेळा ती चढली तर जवळजवळ नऊ मिनिटं गेली. शिफ्ट दाबून उजवं क्लिक केलं की जुना मेनू थेट उघडतो. फाइल निवडून शिफ्ट आणि एफ१० दाबलं तरी तेच.

मराठीत काम करणाऱ्यांचा खरा घोळ फाँटचा आहे. जुन्याच मशीनवर अपग्रेड केलं तर फाँट सहसा जागेवर राहतात. लॅमिंग्टन रोडवरून नवं मशीन आणलं, किंवा फॉरमॅट करून घेतलं, की जातात. गिरगावातल्या डीटीपीवाल्याची कृतीदेव या जुन्या फाँटमधली लग्नपत्रिका युनिकोड (देवनागरी अक्षरं देवनागरी म्हणूनच साठवणारी पद्धत) नसते: तिथे 'का' हे अक्षर आतून डी आणि के ही इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. फाँट नसला की पत्रिका इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसते. फाइल बिघडलेली नसते, घाबरून ती पुन्हा टाइप करू नका. फॉरमॅटच्या आधी विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधले असे फाँट पेनड्राइव्हवर घ्या आणि नव्या मशीनवर उजवं क्लिक करून इन्स्टॉल करा.

'मंगल'ची गोष्ट वेगळी. तो युनिकोड आहे, पण विंडोज १० पासून सगळ्या मशीनवर आपोआप येत नाही. नसला की त्याच्या जागी दुसरा देवनागरी फाँट लागतो. अक्षरं वाचता येतात, पण त्यांची रुंदी बदलते आणि एका पानाचं पत्र दोन ओळींसाठी दुसऱ्या पानावर जातं. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधा आणि तिथून 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' घ्या. इंग्रजी-मराठी कळफलक बदलायला विंडोज की आणि स्पेस.

घरी जुनी मांडणी आणि ऑफिसात नवी, असं मात्र ठेवू नका. एक सवय दुसरीला खोडत राहते आणि दोन्हीकडे चुका होतात. दोन्ही मशीनवर स्टार्ट एकाच जागी असू द्या.

परत फिरायचंच असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'गो बॅक'. ही सोय १० दिवसच असते, कारण नंतर विंडोज जुन्या आवृत्तीच्या फाइली पुसून टाकतं. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट्स, संपला आहे, तेव्हा बटणं जागेवर नाहीत म्हणून मागे जाऊ नका. प्रिंटर किंवा स्कॅनरचा ड्रायव्हर नव्यात चालतच नसेल, तरच विचार करा. त्यासाठी पहिल्या आठवड्यातच ऑफिसातलं प्रत्येक यंत्र एकदा जोडून, एकेक पान छापून आणि स्कॅन करून बघा.