समाजमाध्यमाधारित अध्ययन

वर्गातील अध्यापनाला जोड म्हणून व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, फेसबुक यांसारख्या माध्यमांचा केलेला वापर. विद्यार्थी येथे पाठ नुसता ऐकत नाही. तो शंका विचारतो, उत्तर देतो आणि सोबत्याचे उत्तर तपासतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः ठाणे व नवी मुंबई परिसराला धरून आहे.

‘सोशल मीडिया’ ही संज्ञा प्रथम कोणी वापरली, याविषयी एकमत नाही. डॅरेल बेरी (१९९४), तसेच टेड लिओन्सिस व टीना शार्की (१९९७ च्या सुमारास) यांची नावे घेतली जातात. ही संज्ञा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुढे आली, एवढे म्हणणे सुरक्षित ठरेल. व्यवहार मात्र संज्ञेहून जुना आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये ‘प्लेटो’ ही संगणकीय अध्यापन प्रणाली सुरू झाली. तिच्यातील त्रुटी कळवण्याची सोय म्हणून डेव्हिड वूली यांनी १९७३ मध्ये ‘नोट्स’ हा संदेशफलक रचला आणि त्यावर लवकरच इतर विषयांच्या गप्पाही रंगू लागल्या. समाजमाध्यमे शाळेत बाहेरून घुसली, हा समज त्यामुळे अपुरा वाटतो.

व्याख्येचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. डॅना बॉइड व निकोल एलिसन (२००७) या संशोधकांनी सामाजिक जाळ्याच्या संकेतस्थळासाठी तीन अटी सांगितल्या : वापरकर्त्याची ओळखपट्टी (प्रोफाइल), संबंधितांची यादी आणि ती यादी इतरांना पाहता येणे. या कसोटीला व्हॉट्सअ‍ॅप उतरत नाही. भारतातील २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम मात्र वापरकर्त्यांमधील ऑनलाइन संवाद घडवणे याला मुख्य महत्त्व देतात. इयत्तेचा ग्रुप बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरच असल्याने शिक्षकाला ही दुसरी व्याख्या जवळची. तरीही एक मुद्दा दोन्हींतून निसटतो. २०१८ पासून ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिनला संदेश पाठवता येईल अशी सोय आहे. ती चालू केली की ग्रुप सूचनाफलक होतो. त्याला अध्ययनाचे साधन म्हणणे कठीण आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर डेटा स्वस्त झाला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि फोन हाच वर्ग झाला. पण जो फोन आईवडिलांबरोबर कामावर जाई, तो संध्याकाळीच मुलाच्या हाती येई. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्याने ‘स्वाध्याय’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरील साप्ताहिक प्रश्नसंचांचा उपक्रम सुरू केला. घरी आगरी बोलणाऱ्या मुलाला चारचौघांत प्रमाण मराठीत उत्तर देण्याचा संकोच असेल, तर व्हॉइस नोट उपयोगी पडते : ती खोडून पुन्हा बोलता येते.

परिसर अभ्यासासाठी ‘आयनॅचरलिस्ट’ (२००८) हे सजीवांच्या नोंदी टाकण्याचे माध्यम विशेष मोलाचे आहे. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याची घोषणा २०१५ मध्ये झाली व २०२२ मध्ये ते रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरले. या खाडीच्या ऐरोलीकडील काठावर विद्यार्थ्याने तिवराच्या पानाचा फोटो टाकला, की अनोळखी जाणकार त्याची ओळख सुचवतात. ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचे जातीविषयी एकमत झाले आणि फोटो, तारीख व ठिकाण नीट असेल, तर ती नोंद ‘संशोधनयोग्य’ गणली जाते. आपले चुकलेले उत्तर कोणीतरी कारण देऊन दुरुस्त करते, ही शिकवण पाठ्यपुस्तकाला देता येत नाही. घराजवळच्या नोंदीचे नेमके ठिकाण धूसर करण्याची सोयही त्यात आहे. शिक्षकाने ती आधी दाखवावी.

२०२४ च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या अहवालानुसार स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४–१६ वयोगटातील मुलांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात तो अभ्यासासाठी, तर सुमारे ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. पाहणी ग्रामीण असल्याने ठाणे व नवी मुंबई शहरांना हे आकडे थेट लावता येत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपची किमान वयोमर्यादा १३ वर्षे आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मात्र १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो आणि पालकांची पडताळण्याजोगी संमती मागतो. प्राथमिक वर्गांचे ग्रुप म्हणूनच पालकांच्या क्रमांकांवर चालतात. साध्या ग्रुपमध्ये हे क्रमांक सर्वांना दिसतात. अनेक ग्रुप एकत्र जोडणाऱ्या ‘कम्युनिटी’च्या (२०२२) घोषणा-गटात ते इतर सदस्यांपासून झाकले जातात, पण तेथे नवा संदेश टाकण्याचा अधिकार अ‍ॅडमिनकडेच राहतो.