उन्नत व भुयारी नागरी रेल्वे (इंदूर)

शहरातील रेल्वेमार्ग रस्त्यावर खांब उभारून त्यांवरून (उन्नत) किंवा जमिनीखालच्या बोगद्यातून (भुयारी) नेण्याच्या दोन पद्धती. इंदूरच्या मेट्रोत दोन्ही एकाच मार्गावर येतात. पायी चालणारे व सायकलवाले यांच्यावर त्यांचा काय परिणाम होतो, एवढ्यापुरती ही नोंद आहे. ‘उन्नत’ हा शब्द कार्यालयीन. इंदुरी मराठीत ‘एलिवेटेड’ आणि ‘अंडरग्राउंड’ हेच चालतात. ‘भुयार’ हा शब्द बहुधा ‘भूमिगृह’पासून आलेला आहे; त्यात मूळची कल्पना तळघराची, येण्याजाण्याच्या वाटेची नव्हे.

यांतली आधीची पद्धत कोणती, यावर एकमत नाही. भुयारी पक्षाचे उत्तर सरळ आहे : लंडनची मेट्रोपॉलिटन रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन या भागात सुरू झाली. रस्ता उकरायचा, चर बांधून काढायचा आणि वरून झाकायचा, असे तिचे तंत्र होते. खोल बोगद्यातून विजेवर धावणारी गाडी त्यानंतर १८९० साली आली. उन्नत पक्षातले काही लेखक मात्र १८३६ च्या लंडन अँड ग्रिनिच रेल्वेकडे बोट दाखवतात. ती विटांच्या आठशेहून अधिक कमानींवरून जात होती. ही गणना मान्य केली तर उन्नत पद्धत भुयारीहून सत्तावीस वर्षांनी जुनी ठरते. तथापि त्या कमानी शहराबाहेरची लोहवाट शहरात आणण्यासाठी होत्या. रस्त्यावरची वर्दळ हलकी करण्याचा हेतू त्यांत नव्हता. म्हणून न्यूयॉर्कमध्ये १८६७-६८ च्या सुमारास चार्ल्स हार्वी याने रस्त्यावरच उभारलेल्या, दोराने ओढल्या जाणाऱ्या मार्गापासून नागरी उन्नत रेल्वेची सुरुवात धरणे अधिक सयुक्तिक वाटते. शिकागोची उन्नत रेल्वे १८९२ ची. भारतात क्रम उलटा झाला : कोलकात्याची भुयारी मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झाली, तर दिल्लीची पहिली गाडी २४ डिसेंबर २००२ रोजी धावली ती खांबांवरून.

न्यूयॉर्कच्या सहाव्या अ‍ॅव्हेन्यूवरचा उन्नत मार्ग १९३९ मध्ये आणि मॅनहॅटनमधील तिसऱ्या अ‍ॅव्हेन्यूवरचा १९५५ नंतर पाडला गेला. खालच्या रस्त्यावर पसरणारा अंधार आणि गाड्यांचा खडखडाट हे त्यांवरचे नेहमीचे आक्षेप होते. उन्नत मेट्रोला विरोध करताना भारतातही हे दाखले दिले जातात. ते पूर्णपणे लागू होत नाहीत. तिकडची पोलादी चौकट जवळपास अख्खा रस्ता झाकत असे. आजचा पूल काँक्रीटच्या एकेरी खांबांवर असतो. खांबाची जाडी सुमारे दोन मीटर, वरचा पट्टा आठ-दहा मीटर रुंद, आणि खाली वाहनांसाठी किमान ५.५ मीटर मोकळी उंची. माळव्यातल्या वैशाखात त्याची सावली हवीशी वाटावी, पण ती पडते बहुतेक दुभाजकावर, जिथून कोणी चालत नाही.

खरी अडचण रस्त्याच्या कडेला होते. खांबासाठी दुभाजक रुंद करावा लागतो. मोटारींच्या मार्गिका तेवढ्याच राखायच्या म्हटल्यावर ती जागा पदपथातून किंवा सायकलवाल्याच्या वाटेतून घेतली जाते. स्थानकाचे जिने आणि लिफ्टही त्याच कडेला उतरतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शिकेनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी. जिन्याचा पाय पडला की ती प्रथम तिथेच मोडते. सलग दुभाजकामुळे मधूनच रस्ता ओलांडणे बंद होते. स्थानकातून पलीकडे जाण्याची सोय असली, तरी गुडघे दुखणाऱ्या माणसाला दोन मजले चढून उतरणे ही सोय वाटत नाही.

भुयारी मार्गात बोगदा यंत्राने पोखरला जात असेल, तर वरचा रस्ता बहुतांशी शाबूत राहतो. स्थानकाचा खड्डा मात्र वरूनच खणावा लागतो, आणि तिथले कुंपणाचे पत्रे काही वर्षे हलत नाहीत. खर्च उन्नत मार्गाच्या दुप्पट-तिप्पट धरतात. इंदूरखाली दख्खनचा बेसाल्ट आहे आणि त्यावर ओल लागताच फुगणारी काळी माती. त्यामुळे खोदाई संथ चालते.

इंदूरच्या सुमारे ३१ किमी लांबीच्या आणि २८ स्थानकांच्या वर्तुळाकार मार्गाला केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये मंजुरी दिली. अंदाजित खर्च ७,५००.८० कोटी रुपये होता. पायाभरणी १४ सप्टेंबर २०१९ रोजी झाली. सुपर कॉरिडॉर या शहराच्या कडेच्या रुंद रस्त्यावरचा सुमारे ६ किमीचा, पाच स्थानकांचा उन्नत टप्पा ३१ मे २०२५ रोजी, अहिल्याबाई होळकरांच्या जन्मत्रिशताब्दीच्या दिवशी, खुला झाला. तिथे रस्ता प्रशस्त आणि पायी चालणारे तुरळक. त्यामुळे खांबांची कोणाला अडचण नाही. वाद शहराच्या पोटातला आहे. मूळ आराखड्यात मध्यभागाचा साधारण आठ-नऊ किमी भाग भुयारी होता. २०२५ च्या अखेरीस शहराच्या पूर्वेकडील खजराणा वस्तीपासूनच मार्ग खाली नेण्याचे राज्य शासनाने जाहीर केले.

शहराच्या मध्यभागी असलेल्या होळकरांच्या राजवाड्याभोवती उन्नत मार्गाचा विचार करणेच कठीण. सात मजली राजवाड्याच्या बांधकामाचा आरंभ कोणी १७४७ चा मानतात, कोणी १७६६ चा. १८०१, १९०८ आणि १९८४ मध्ये तो आगीत सापडला. रात्री सराफा बाजारात खाण्यासाठी होणारी गर्दी, रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या उंच झांक्या (सजवलेले चित्ररथ) हे सगळे पायी आणि मोकळ्या आकाशाखाली चालते. खांबांमधून झांकी वळवायची कशी, हे कोणत्याही रस्तामापनात येत नाही. भुयाराविरुद्धही तक्रारी आहेत : जुन्या वाड्यांना बसणारे हादरे, दुकानांपुढचे खोदकाम; छोटा गणपती स्थानकाला रहिवाशांनी विरोध केला.

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबाराला सादर केलेल्या नगररचना अहवालाची येथे आठवण होते. जुन्या वस्तीतून रुंद रस्ते फाडण्याऐवजी मोजकी घरे काढून गल्ल्या मोकळ्या करणे त्यांना पसंत होते. प्लेगच्या दिवसांत त्यांनी काढलेल्या दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्गही, ज्या गल्ल्यांनी आपली घरे अधिक स्वच्छ केली त्यांतून ठरवला होता. मेट्रोविषयी अर्थातच त्यात काही नाही.

सायकलींबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. आग्रा-मुंबई रस्त्यावर १० मे २०१३ रोजी सुरू झालेल्या ११.४५ किमीच्या बीआरटीएससोबत (बससाठी राखीव मार्गिकेसोबत) सायकलपट्ट्या आखल्या होत्या. पुढे त्यांचा वापर वाहने उभी करण्यासाठीच अधिक झाला. तो बसमार्ग काढून टाकण्यास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता दिली. कोची मेट्रोने २०२० पासून डब्यात सायकल नेऊ दिली आहे.