कर्कटकाला साधणारी फुले आणि न साधणारी

वर्तुळ काढून झाल्यावर कर्कटकाचे अंतर न बदलता परिघावर एकापुढे एक चाप मारत गेले, तर सहाव्या चापाला पेन्सिल बरोबर पहिल्या खुणेवर परत येते. याचे कारण असे की, दोन त्रिज्या आणि त्यांच्या टोकांना जोडणारी तेवढ्याच लांबीची जीवा यांचा समभुज त्रिकोण होतो आणि त्याचा ६० अंशांचा कोन पूर्ण फेरीत सहा वेळा बसतो. प्रत्येक चाप वर्तुळाच्या आत पूर्ण काढला की सहा पाकळ्यांचे फूल दिसते आणि खुणा सरळ रेषांनी जोडल्या की मधाच्या पोळ्यातला षटकोन मिळतो. समान क्षेत्रफळाच्या कप्प्यांसाठी भिंतींची एकूण लांबी सर्वांत कमी याच रचनेत लागते, हे थॉमस हेल्स यांनी १९९९ मध्ये सिद्ध केले. कागदावर मात्र ५ सेंटिमीटर त्रिज्येसाठी कर्कटक अर्धा मिलिमीटर जास्त उघडले, तर फेरी पूर्ण होईपर्यंत सुमारे साडेतीन मिलिमीटरची चूक साठते. म्हणून महागड्या साधनांपेक्षा बारीक टोकाची पेन्सिल आणि घट्ट स्क्रू यांनाच जास्त महत्त्व द्यावे.

जास्वंद किंवा सदाफुलीच्या पाच पाकळ्यांसाठी थोडी युक्ती लागते. वर्तुळात एकमेकांना लंब असे दोन व्यास काढावेत. आडव्या व्यासाच्या उजव्या त्रिज्येच्या मध्यबिंदूवर कर्कटकाचे टोक ठेवून उभ्या व्यासाच्या वरच्या टोकापर्यंत अंतर घ्यावे आणि त्याच अंतराने डावीकडची आडवी त्रिज्या छेदावी. या छेदनबिंदूपासून वरच्या टोकापर्यंतचे अंतर हीच पंचकोनाची बाजू असते. परिघावर ती पाच वेळा मोजली की फुलाचा सांगाडा तयार होतो.

सात पाकळ्यांना मात्र कर्कटक आणि पट्टी पुरत नाहीत. ही अडचण हाताच्या कौशल्याची नाही. केवळ या दोन साधनांनी नियमित सप्तकोन अचूक काढता येणेच शक्य नाही, हे पिएर वांत्सेल यांनी १८३७ मध्ये दाखवलेल्या निकषावरून ठरते. योगायोग असा की, त्याच वर्षी ब्राव्हे बंधूंनी खोडावरील पानांच्या मांडणीत १३७.५ अंशांच्या जवळचा कोन ओळखला, आणि हा ‘सुवर्ण कोन’ही कर्कटकाने अचूक मिळत नाही. सूर्यफुलाच्या बिया सामान्यतः याच कोनाने मांडलेल्या असतात, तेव्हा तिथे कोनमापक हाती घ्यावा लागतो.

या मांडणीचे सूत्र हेल्मुट फोगेल यांनी १९७९ मध्ये सुचवले. प्रत्येक नवा बिंदू आधीच्या बिंदूपासून १३७.५ अंश फिरवायचा आणि केंद्रापासूनचे अंतर बिंदूच्या क्रमांकाच्या वर्गमुळाच्या पटीत ठेवायचे. पट ४ मिलिमीटर घेतली, तर पहिला बिंदू ४, चौथा ८ आणि शंभरावा ४० मिलिमीटरवर येतो. वर्गमूळ अशासाठी की, त्यामुळे प्रत्येक बीला सारखीच जागा मिळते. कोन मात्र आधीच्या बिंदूपासून मोजू नयेत, कारण चुका साठत जातात. १३७.५, २७५, मग ४१२.५ मधून ३६० वजा करून ५२.५, असा तक्ता आधी करून सर्व कोन एकाच मूळ रेषेपासून घ्यावेत. काम कंटाळवाणे आहे, पण शंभरेक बिंदू झाले की कोणीही न काढलेले वळसे दोन्ही दिशांनी दिसू लागतात, आणि ते मोजले तर १३, २१, ३४ असे आकडे मिळतात. फुलाजवळ अर्थातच कोनमापक नसतो. दुआदी आणि कुदे या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये तेलाच्या तबकडीत चुंबकीय द्रवाचे थेंब ठरावीक वेळाने सोडले, तेव्हा एकमेकांना दूर ढकलणारे थेंब आपोआप याच कोनाकडे वळले. नव्या अंकुराने आधीच्या अंकुरांपासून शक्य तितके दूर उगवावे, एवढा नियम त्यासाठी पुरतो.

कोन जरासा बदलून पाहणे हा यातला सर्वांत बोलका प्रयोग आहे. १३५ अंश म्हणजे पूर्ण फेरीचा ३/८ भाग, त्यामुळे सगळे बिंदू आठ सरळ रेषांवर जमतात आणि मधली जागा वाया जाते. खुद्द १३७.५ हाही फेरीचा ५५/१४४ भागच आहे, म्हणजे १४५वा बिंदू पहिल्याच्याच रेषेत येतो. खऱ्या सुवर्ण कोनाला असा कोणताही अपूर्णांक नसतो आणि त्याच्या दोन बिया केंद्रातून निघणाऱ्या एकाच रेषेवर कधीच येत नाहीत.