मातीच्या सैन्याची न गंजलेली शस्त्रं

मार्च १९७४ मध्ये चीनच्या शान्शी प्रांतात, शीआन शहराजवळ विहीर खणताना शेतकऱ्यांना भाजलेल्या मातीच्या मूर्तींचे तुकडे लागले. चीनचा पहिला सम्राट चिन शी ह्वांग याच्या थडग्याजवळ पुरलेलं मातीचं सैन्य ते हेच. मूर्तींचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण या सैनिकांना खरीखुरी शस्त्रं दिलेली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. लाकडाचे दांडे कुजले, बरीच शस्त्रं लुटली गेली. तरीही ब्राँझच्या (तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूच्या) तलवारी, भाल्यांची पाती, क्रॉसबोचे, म्हणजे चाप ओढून बाण सोडायच्या आडव्या धनुष्याचे, चाप आणि सुमारे ४०,००० बाणांची टोकं हाती आली. सम्राट इ.स.पू. २१० मध्ये वारला. इतकी शतकं जमिनीत राहूनही यातल्या काही तलवारी चकाकतात.

ही चकाकी टिकली कशी? शोधानंतर काही वर्षांतच शस्त्रांच्या पृष्ठभागावर क्रोमियम सापडलं आणि एक रोमांचक तर्क रूढ झाला: चिनी कारागिरांनी गंज रोखण्यासाठी मुद्दाम क्रोमियमचा थर दिला होता. धातूवर असा थर देण्याची पद्धत युरोप-अमेरिकेत २०व्या शतकात आली. म्हणजे चीन दोन हजार वर्षं पुढे! हा दावा आजही मोबाइलवर फिरत असतो.

२०१९ मध्ये पुरातत्त्वज्ञ मार्कोस मार्टिनोन-टोरेस, ली शिउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नीट तपासला. शेकडो शस्त्रं आणि त्यांचे सुटे भाग पाहिल्यावर क्रोमियम दहात एकापेक्षाही कमी वस्तूंवर मिळालं. काही अगदी उत्तम टिकलेल्या पात्यांवर ते नव्हतंच. जिथे होतं, तिथे बहुतेक करून मुठीजवळ, दांड्यात बसणाऱ्या भागाजवळ. म्हणजे ज्या जागी कधीकाळी लाकूड होतं त्याला लागून. पात्याला गंजापासून वाचवायचं असतं, तर थर पात्यावर नको का?

क्रोमियम आलं होतं लाकडाच्या आणि मूर्तींच्या रोगणातून. हे रोगण एका झाडाच्या चिकाचं. ते झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं, आणि बिब्बा उततो तसा त्याचा कच्चा चीकही अंगावर उततो. वाळला की मात्र त्याचा कडक, चकचकीत थर बनतो. लाकूड कुजलं, रोगण झडलं आणि त्यातलं क्रोमियम शेजारच्या धातूला लागलं.

मग गंजापासून वाचवलं कुणी? मुख्यतः मातीने. तिथली माती किंचित अल्कधर्मी, अतिशय बारीक कणांची आणि सेंद्रिय अंश कमी असलेली आहे. संशोधकांनी ब्राँझचे नवे नमुने शीआनच्या आणि ब्रिटनमधल्या मातीत पुरून उष्ण, दमट कपाटात चार महिने ठेवले. ब्रिटिश मातीतले चांगलेच गंजले. शीआनच्या मातीतले जवळजवळ जसेच्या तसे राहिले. शिवाय या ब्राँझमध्ये कथिलाचं प्रमाणही भरपूर होतं, त्याचाही हातभार लागला असणार.

क्रोमियमचा चमत्कार गेला म्हणून या कारागिरांचं मोल कमी होत नाही. माझ्या मते त्यांची खरी हुशारी साध्या बाणात दिसते. टोकात कथील जास्त, म्हणून ते कठीण आणि धारदार. मागच्या देठात कथील कमी, म्हणून तो आपटल्यावर सहज मोडत नाही. दोन भागांसाठी दोन वेगळे मिश्रधातू, आणि तेही हजारो बाणांसाठी.

एका भात्यात साधारण १०० बाण असत. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने टोकांमधल्या धातूंचं प्रमाण मोजलं, तेव्हा एका भात्यातली टोकं एकमेकांशी मिळतीजुळती निघाली. शेजारच्या भात्याचं मिश्रण मात्र वेगळं. एका ठिकाणी नुसती टोकं, दुसरीकडे नुसते देठ आणि तिसरीकडे जुळणी असं काम चाललं असतं, तर सगळा माल मिसळला असता. त्याऐवजी अनेक छोट्या तुकड्या एकाच वेळी काम करत. प्रत्येक तुकडी ओतकामापासून भाता भरेपर्यंत सगळं स्वतः उरकायची. क्रॉसबोच्या चापांचीही तीच गोष्ट. तीन हलते भाग आणि दोन खिट्ट्या, दिसायला सगळे सारखे. बारकाईने मोजले की आकारातल्या किंचित फरकांवरून त्यांचे गट पडतात, आणि एका गटातले चाप खड्ड्यात बरेचदा जवळजवळ सापडतात.

इतक्या विखुरलेल्या कामावर देखरेख कशी ठेवायची? काही पात्यांवर कोरलेल्या मजकुरात पंतप्रधान लू बुवेईचं नाव आहे, खाली कार्यशाळेच्या अधिकाऱ्याचं आणि शेवटी प्रत्यक्ष काम करणाऱ्या कारागिराचं. माल सदोष निघाला, तर जाब कुणाला विचारायचा हे शस्त्रावरच लिहिलेलं असे.

क्रोमियमची नोंद संशोधकांच्या कामाची मात्र उरलीच आहे. दांडे, मुठी आणि म्यानं मातीत कुजून गेली, पण धातूवर जिथे क्रोमियमचा अंश दिसतो, तिथे पूर्वी रोगण लावलेला भाग टेकलेला असावा असा माग काढता येतो.