डॉक्युमेंटेशन साइटची ॲक्सेसिबिलिटी

सॉफ्टवेअर इन्स्टॉल कसं करायचं, कुठलं फंक्शन काय करतं, एरर आला तर कुठे बघायचं हे सगळं ज्या साइटवर लिहिलेलं असतं ती साइट अंध माणसाला, कमी दिसणाऱ्याला, रंग नीट न ओळखणाऱ्याला, ज्याला माउस धरता येत नाही त्यालाही बाकीच्यांइतकीच वापरता यावी म्हणून जे काम करावं लागतं ते म्हणजे डॉक्युमेंटेशनची ॲक्सेसिबिलिटी. सरकारी मराठीत याला सुगम्यता म्हणतात, कोड लिहिणाऱ्यांच्या तोंडी तो शब्द फारसा ऐकू येत नाही. टाइप करताना 'ए-इलेव्हन-वाय' (a11y) असं लघुरूप वापरतात, इंग्रजी शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर ठेवून मधल्या ११ अक्षरांच्या जागी आकडा.

डॉक्युमेंटेशन कोण वाचतं, तर प्रोग्रामर, आणि प्रोग्रामर काय सगळे डोळसच असणार, असा एक समज असतो. तो चुकीचा आहे. विंडोजवर खूप वापरला जाणारा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, एनव्हीडीए हा २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध प्रोग्रामरने लिहायला घेतला, नंतर जेम्स तेह त्याला येऊन मिळाला, तोही अंधच, आणि हे सॉफ्टवेअर बरंचसं पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आहे. म्हणजे पायथनची डॉक्युमेंटेशन न बघता, नुसती ऐकून वापरणारी माणसं पहिल्यापासून आहेतच, फक्त थीम, म्हणजे साइटच्या रंगरूपाचा साचा, बनवणाऱ्याच्या डोक्यात ती नसतात.

मोजायचं कशावर, तर वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स, म्हणजे डब्ल्यूसीएजी. पहिली आवृत्ती १९९९ ची, २.० आली २००८ मध्ये, २.१ आली २०१८ मध्ये आणि २.२ ऑक्टोबर २०२३ मध्ये. ए, डबल ए, ट्रिपल ए अशा तीन पायऱ्या, आणि बहुतेक प्रोजेक्ट डबल ए धरून चालतात. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. तो खटला केवायसीबद्दल होता, डॉक्युमेंटेशनबद्दल नाही, पण दिशा कळते.

थीममधल्या चुका

बहुतेक चुका पानात नसतात, थीममध्ये असतात. स्फिंक्सचंच घ्या. गेऑर्ग ब्रँडलने पायथनच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनसाठी हे टूल बनवलं, २००८ मध्ये बाहेर आलं, आणि आता नमपाय, पांडाज या पायथन लायब्ररींसारख्या कितीतरी प्रोजेक्टची डॉक्युमेंटेशन त्यातूनच तयार होते. त्यामुळे एका थीममधला एक फिक्का रंग हजारो पानांवर जातो, पण तो एकदा सुधारला की हजारो पानं एकदम सुधारतात, इतकी स्वस्त दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये दुसरीकडे क्वचितच मिळते.

रंगांचं गणित सोपं आहे पण लोक डोळ्याने ठरवायला जातात आणि फसतात. साध्या मजकुराला मागच्या रंगाशी ४.५:१ कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१. पांढऱ्यावर ७७७७७७ या कोडचा राखाडी ४.४८ भरतो म्हणजे नापास, आणि ७६७६७६ हा ४.५४ म्हणजे पास, दोन्ही शेजारी ठेवले तर फरक दिसतसुद्धा नाही. कोडच्या रंगांत तर गंमतच असते, कीवर्डचा वेगळा, स्ट्रिंगचा वेगळा, कॉमेंटचा वेगळा, प्रत्येक रंग लाइट आणि डार्क दोन्ही थीममध्ये वेगळा मोजायला लागतो, आणि कॉमेंट मुद्दाम फिक्की ठेवायची जुनी सवय आहे, खरंतर नवशिक्या माणूस आधी कॉमेंटच वाचतो. वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख होमपेज तपासते, २०२४ मध्ये त्यातल्या ९५.९ टक्के पानांवर काही ना काही दोष सापडला आणि सगळ्यात जास्त सापडणारा दोष हाच, फिक्का मजकूर.

कीबोर्डचं दुखणं वेगळं. डावीकडे दोनशे लिंकांचा साइडबार, आणि 'थेट मजकुराकडे जा' अशी लिंक सुरुवातीलाच दिलेली नसली तर प्रत्येक पानावर टॅब दाबत दाबत तो अख्खा साइडबार ओलांडायचा. फोकस, म्हणजे कीबोर्ड आत्ता पानावर कुठे आहे, ते दाखवणारी चौकट डिझायनरला कुरूप वाटते म्हणून काढलेली असते, ही चौकट काढणं म्हणजे माउसवाल्याचा कर्सर गायब करण्यासारखंच आहे. कोडचा लांब ब्लॉक आडवा सरकतो तो माउसने, कीबोर्डने सरकवायचा तर त्या ब्लॉकला फोकस मिळायला हवा, काही ब्राउझर तो स्वतःहून देतात, सगळे देत नाहीत. मग लोक कोडमध्ये फोकस देणारं टॅबइंडेक्स शून्य लिहून मोकळे होतात, तेही सरसकट, मग दोन ओळींच्या ब्लॉकवरही टॅब थांबतो. जो ब्लॉक खरंच चौकटीबाहेर जातो त्यालाच द्यावा. कॉपीचं बटण माउस नेल्यावरच दिसतं, आणि दाबल्यावर नुसती हिरवी टिक येते, स्क्रीन रीडरवाल्याला कॉपी झालं की नाही हे कोणी सांगतच नाही.

आणि स्फिंक्समध्ये प्रत्येक हेडिंगच्या शेवटी ती उलट्या पी सारखी परिच्छेदाची खूण असते, त्या जागेची लिंक मिळावी म्हणून. डोळ्यांना ती माउस नेल्याशिवाय दिसतही नाही, कानाला मात्र प्रत्येक हेडिंगनंतर एक जास्तीची लिंक ऐकायला लागते. एका पानावर चाळीस हेडिंग असली तर चाळीस वेळा.

लिहिणाऱ्याचं काम

थीम कितीही चांगली करा, काही गोष्टी लिहिणाऱ्याच्याच हातात राहतात आणि त्या एकेक पान उघडूनच सुधारायला लागतात, म्हणून त्या राहूनच जातात. स्क्रीन रीडरवाला पान वरून खाली ऐकत बसत नाही, एनव्हीडीएमध्ये एच दाबून हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारतो, नाहीतर सगळ्या लिंकांची यादी काढतो. त्या यादीत 'इथे', 'इथे', 'इथे' असं वीस वेळा आलं तर तिचा काय उपयोग. अक्षर मोठं दिसावं म्हणून दुसऱ्या लेव्हलच्या हेडिंगनंतर थेट चौथ्या लेव्हलचं टाकलं की मधलं काहीतरी आपल्याकडून सुटलं असं ऐकणाऱ्याला वाटतं.

चित्रांचा ऑल्ट मजकूर, म्हणजे चित्राऐवजी स्क्रीन रीडर जो वाचतो तो, ही सगळ्यात अवघड गोष्ट. डेटाच्या लायब्ररीत ज्युपिटर नोटबुकमधून (कोड आणि त्याचं उत्तर एकत्र ठेवणारी फाइल) आलेले आलेख असतात, ऑल्ट रिकामा नाहीतर 'आकृती १'. 'रेषांचा आलेख' असं लिहूनही भागत नाही, रेषा कुठे चढते, कुठे पडते आणि हे चित्र इथे का टाकलंय ते सांगायला हवं, आणि ते फक्त ज्याने आलेख काढला त्यालाच माहीत असतं. टर्मिनलचे, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीचे, स्क्रीनशॉट तर टाकूच नयेत, तो मजकूरच आहे, मजकूर म्हणून द्यावा, सगळ्यांनाच कॉपी करता येतो. नोट निळी आणि वॉर्निंग लाल एवढ्यावर भागवू नये, शब्दही लिहावा.

कोड ऐकणं हा एक वेगळाच अनुभव आहे. एनव्हीडीए मुळात सगळी विरामचिन्हं वाचत नाही, ती पातळी वाढवायला लागते, आणि पायथनमध्ये इंडेंट, म्हणजे ओळीआधीची मोकळी जागा, महत्त्वाचा म्हणून तो बोलून किंवा टोन वाजवून सांगायची सेटिंग आहे. उदाहरणातल्या प्रत्येक ओळीआधी प्रॉम्प्टचे, म्हणजे 'इथे टाइप करा' सांगणाऱ्या खुणेचे, तीन ग्रेटर-दॅन असले तर तेही दर ओळीला ऐकायचे, म्हणून प्रॉम्प्ट लपवायची सोय हवी.

तपासणी

ॲक्स, लाइटहाउस, पॅली (pa11y) ही आपोआप तपासणारी टूल बिल्डमध्ये, म्हणजे साइट तयार होतानाच, लावून ठेवली तर नवीन चूक लगेच पकडली जाते, आणि लावावीतच. पण टूलला ऑल्ट आहे की नाही एवढंच कळतं, त्यात अर्थ आहे की नाही ते कळत नाही. शंभर गुण मिळवलेलं पान मी एकदा मॉनिटर बंद करून ऐकायला घेतलं, इन्स्टॉलची कमांड सापडेपर्यंत चहा गार झाला, कारण ती 'विंडोज', 'लिनक्स' अशा पानावरच्या टॅबच्या (निवडून उघडायच्या कप्प्यांच्या) आत होती आणि ते टॅब आहेत हे आवाजातून कळतच नव्हतं. माउस बाजूला ठेवून एक पान, ४०० टक्के झूम करून एक पान आणि स्क्रीन रीडरवर एक पान, एवढं केलं तरी बरंच काही सापडतं. त्यापुढे रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला विचारावं, आणि पैसे देऊन विचारावं, फुकटात नाही.

मराठी पानांसाठी

डॉक्युमेंटेशन मराठीत आणली की पहिली चूक भाषेच्या टॅगची, म्हणजे पान कुठल्या भाषेत आहे हे कोडमध्ये सांगणाऱ्या खुणेची होते. मजकूर मराठी आणि पानाच्या टॅगमध्ये इंग्रजी, मग इंग्रजी आवाज देवनागरी वाचायला जातो आणि अक्षरं गाळतो नाहीतर भलतंच काहीतरी बोलतो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीकमध्ये मराठी आवाज आहे, थोडा यांत्रिक आहे पण कळतो, टॅग बरोबर असला तर तो आपोआप लागू शकतो, आणि मध्ये आलेल्या इंग्रजी तुकड्याला वेगळा टॅग द्यावा. दुसरं म्हणजे ओळींमधलं अंतर. इंग्रजीच्या हिशोबाने घट्ट ठेवलेल्या ओळींत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि रफारांना टेकतात, झूम केलं तर अजूनच गिचमिड. दीडपट अंतर ठेवलं की वाचता येतं.